पेत्राच्या पत्र्याची दुसरी खाच

“हा कुणी सरळ केला, सार?”

फिलोमिना अक्कांचं बोट बारा पितळी पत्र्यांपैकी पहिल्यावर होतं. मी म्हणालो, “मी!” आणि शाबासकीची वाट पाहत उभा राहिलो. जुनी खोड.

सरकारी कारखान्यात टूल डिझायनर म्हणून तीस वर्षं काढली. रिटायर झाल्यावर जयनगरच्या घरात बायकोच्या किचनचा ले-आउट सुधारायला गेलो, तेव्हा तिनेच मला मंजुनाथच्या लेझर कटिंगच्या वर्कशॉपात धाडलं. तिथे माझं काम ड्रॉइंग तपासून ‘चेक्ड’ अशी सही ठोकायचं.

अक्कांचे यजमान सुतार. चर्चचं सागवानी दार हे त्यांचं शेवटचं काम. दारात बारा चौकोन कोरले, त्यांत बसवायची चित्रं कागदावर काढली, पितळेचा पत्रा स्वतः आणून ठेवला आणि गेले. रविवारी बिशप दाराला आशीर्वाद द्यायला येणार होते. अक्कांची अट एवढीच, की ह्यांच्या हातची रेघ बदलायची नाही.

चित्रांत करवत, सुरी, कुऱ्हाड, भाला. मला वाटलं, सुतार माणूस, हत्यारांची पेटीच काढलीय. पहिल्या चौकोनात मात्र क्रॉस, तोही उलटा.

“अक्कांना फोन करू का?” मंजुनाथने विचारलं.

“अरे, कागद उलटा धरून काढलंय! एवढं कळायला फोन कशाला?”

सुलटा केला. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी पोका-योके केलं. म्हणजे वस्तू चुकीची बसूच नये अशी सोय. प्रत्येक पत्र्याच्या वरच्या कडेला खाच, दारातल्या चौकोनात बरोबर तिथे खुंटी. आता कुणी क्रॉस उलटा बसवायचा म्हटलं तरी बसणार नव्हता.

“ही हत्यारं नाहीत, सार,” अक्का म्हणाल्या. त्यांचं बोट पत्र्यांवरून फिरायला लागलं. “येशूचे शिष्य त्याच्यामागे जगभर पांगले. कोण कसा गेला, त्याची ही खूण. हा शिमोन, करवतीने कापला. बर्थलमयला दूर आर्मेनियात जिवंत सोलला. थोमा तर आपल्याकडेच आला, केरळात. चेन्नईत भाला खाल्ला. आणि हा पेत्र. रोममध्ये क्रॉसवर द्यायला नेलं, तर म्हणाला, गुरूसारखं मरायची माझी लायकी नाही, मला उलटा टांगा.”

त्यांचं बोट पुन्हा पहिल्या पत्र्यावर आलं.

“ह्यांनी पेत्र सगळ्यांत आधी काढला. म्हणायचे, तीनदा गुरूला ओळख दिली नाही त्याने, पण शेवटी भरपाई केली बघ म्हाताऱ्याने.”

मी खाली बघत होतो. पत्रा संपला होता. हुबेहूब दुसरा आणतो म्हटलं.

“ह्यांनी आणलेला नसेल तो,” अक्का म्हणाल्या.

“सर, हाच फिरवून बसवू या की,” मंजुनाथ म्हणाला.

“बसत नाही,” मी म्हणालो.

“का?”

“तुझ्या सरांनी सोय केलीय ना!”

अक्कांना डोळे पुसता पुसता हसू फुटलं. “मग स्वल्प घासा, सार.”

विरुद्ध कडेला दुसरी खाच पाडायला पत्रा व्हाइसमध्ये धरला आणि कानस हातात घेतली. कित्येक वर्षांत घेतली नव्हती. लेझर जे डोळ्याची पापणी लवेपर्यंत कापतो, त्याला मला अख्खी दुपार लागली. अक्का शेजारी स्टुलावर बसून, मी जास्त तर घासत नाही ना, हे बघत होत्या.

रविवारी दार उघडलं, पेत्र उलटा होता.

आता मी ‘चेक्ड’ लिहिण्याआधी फोन करतो. त्या दाराच्या अकरा पत्र्यांना एकेक खाच आहे, पेत्राला दोन. वरची खुंटीसाठी. खालची माझ्या शहाणपणाची.