तिथीला द्यायचे पैसे

आमच्या ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. फुप्फुसं हळूहळू कडक होत जाण्याचा आजार होता. इथे परदेशातच, नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलात शेवटचे पाच महिने काढले आणि आषाढ वद्य पंचमीला गेले. विम्याचे पैसे आले, तेव्हा त्यांना हात लावायची माझी इच्छाच होईना. मुलीनं शोधून काढलं, की इथे एका संस्थेत आपल्या माणसाच्या नावानं फंड उघडता येतो. पैसे एकदा दिले की ते आपले राहत नाहीत. पण कुठल्या संशोधनाला पाठवायचे ते आपण सुचवायचं, आणि संस्था चौकशी करून पाठवते. मला ते पटलं.

फक्त मी एक अट घातली. पैसे जायचे ते तिथीलाच. इथे पक्ष्यांना खायला घातलं तर दंड होतो, म्हणजे कावळ्याला घास ठेवायचीही सोय नाही. बुकित बातोकच्या वस्तीत, दहाव्या मजल्यावरच्या घरात मी श्राद्ध तरी काय करणार? म्हटलं, हेच माझं श्राद्ध. संस्थेतल्या बाईंना तिथी समजावताना माझी दमछाक झाली. दर वर्षी तारीख का बदलते, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, पण बिचाऱ्या हो म्हणाल्या.

ह्याच आजारावर काम करणारी एक मराठी मुलगी इथल्या युनिव्हर्सिटीत होती. पीएच.डी. होऊन आलेली, सांगलीकडची. हे हॉस्पिटलात असताना ती यायची, ह्यांना स्कॅन उलगडून दाखवायची. ह्यांनी आपल्या फुप्फुसाचा एक तुकडा तिच्या कामासाठी देऊ केला होता. ‘‘माझ्या तर काही उपयोगाचा राहिला नाही, तू बघ,’’ असं हसून म्हणाले होते. ते गेल्यावरही ती रविवारी माझ्याकडे येऊन वरणभात खाऊन जायची.

यंदा मे महिन्यात ती जेवता जेवता म्हणाली, ‘‘काकू, आमच्या प्रोजेक्टचं ग्रँट संपतंय. तुमच्या फंडातून एक वर्षाचं झालं तर मला थांबता येईल. जुलैअखेरपर्यंत कळलं तर बरं.’’

‘‘अगं, तुलाच द्यायचे आहेत,’’ मी म्हटलं आणि तिला आणखी भात वाढला.

यंदा अधिक महिना आला. तिथी पुढे सरकून ऑगस्टात गेली. मी कॅलेंडरवर पाहिलं, तिच्या जुलैअखेरनंतर तीन दिवसांचा तर फरक. तीन दिवसांनी काय बिघडतंय? माझी मुलगी चिडली, इथल्या लोकांसारखं शेवटी ‘लाह’ लावत म्हणाली, ‘‘आत्ताच पाठव ना, आई! बाबा वोन्ट माइंड, लाह.’’ मी तिला गप्प केलं. ह्यांना काय चालेल आणि काय नाही, ते मला शिकवू नकोस, म्हटलं.

त्या सांगलीच्या मुलीनं पुन्हा विषय काढला नाही. मी देणारी, ती घेणारी. तिनं जोर तरी कसा करायचा? आणि आपण शब्द दिलाय, या समाधानात मीही तिला काही विचारलं नाही.

तिथीच्या आदल्या दिवशी ती आली, तीही मिठाईचा पुडा घेऊन. मी श्रीखंडासाठी चक्का टांगत होते.

‘‘परवा निघतेय, काकू. पुण्यात औषधांच्या कंपनीत नोकरी मिळाली.’’

‘‘निघतेयस? अगं, उद्या तर मी पैसे पाठवतेय!’’

‘‘कॉन्ट्रॅक्ट शुक्रवारी संपलं. सरांना त्याआधी काहीतरी लेखी हवं होतं. आता प्रोजेक्टच बंद केलाय.’’ तिचा आवाज अगदी साधा होता. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

‘‘आणि ह्यांचा तुकडा?’’

‘‘फ्रीझरमध्ये आहे. जमेल तितके दिवस सर ठेवतील.’’

ह्यांच्या नावानं केलेल्या एवढ्या सगळ्यात ह्यांनी स्वतः दिलेली गोष्ट ती एकच होती. ह्यांना स्वतःच्या आईची तिथीसुद्धा कधी आठवायची नाही, ती मीच सांगायची. मग हा हट्ट मी कुणासाठी केला होता?

निघताना ती वाकली आणि तिनं माझ्या पायांना हात लावला. माझाही हात सवयीनं तिच्या डोक्यावर गेला आणि तोंडातून निघालं, ‘‘यशस्वी हो.’’

ती म्हणाली, ‘‘हो, काकू.’’ आणि चपला घालायला लागली.