गल्लीच्या जामिनावर आलेली गाडी

गाडी माणूस एकदाच घेतो, पण कर्ज दोनतीनदा नाकारलं गेलं की किस्से आपोआप साठतात. चिखलीतल्या आमच्या गल्लीत कुणी चहाला जमलं की अजून हेच निघतं. फक्त ते सांगणारी मंदा आता नाही. मागच्या वर्षी ती गेली. म्हणून मी सांगतो. तिच्यासारखं रंगवणं मला जमत नाही.

मंदा माझी पत्नी. गाडीच्या आधी तिनं लायसन्सच काढलं! मी विचारलं, "अगं, पण गाडी कुठाय?"

"येतेच ना हो! यष्टीच्या खिडकीतून माहेर पाहून मले कंटाळा आला. एकदा धामणगाव बढ्याले स्वतः गाडी चालवत जायचं, अन् आईच्या दारात हॉर्न वाजवायचा."

*

बँकेच्या मॅनेजरसाहेबांनी कॉम्प्युटरकडे पाहून मान हलवली. शाळेतल्या एका सहकाऱ्याला मी जामीन राहिलो होतो. त्यानं हप्ते थांबवले आणि डाग माझ्याही नावाला लागला.

"सर, तुमचा क्रेडिट स्कोअर फार कमी आहे."

मंदा म्हणाली, "साहेब, हे किती पोरायले काठावर पास करतात! तुम्ही यायले थोडे ग्रेस मार्क द्या की!"

साहेब पोट धरून हसले. ग्रेस काही मिळाली नाही.

*

मग एक फायनान्स कंपनी तयार झाली. व्याज जास्त, सुरुवातीला भरायचे पैसेही जास्त, आणि घरी येऊन चौकशी. चौकशीवाला आला तेव्हा मंदा बाजारात गेली होती. त्यानं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात बाबूरावांना माझा पत्ता विचारला.

आता त्या जामीनकीपायी वसुलीवाले इतक्यांदा येऊन गेले होते की, त्यांना चुकवण्यात आमची गल्ली तरबेज झाली होती. बाबूरावांनी तराजूवरची नजरही न काढता सांगितलं, "असा मानूस मी त पाह्यलाच नाही."

समोरच्या शांताकाकूंनी त्याच्या खांद्यावरची बॅग बघितली आणि ओलं लुगडं थेट आमच्या फाटकावर वाळत टाकलं. नावाची पाटी गायब!

कंपनीचं उत्तर आलं : अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. मी त्या वेळी घरातच पेपर तपासत बसलो होतो!

वर संध्याकाळी बाबूराव ऐटीत सांगायला आले, "सर, आज एक परतवला!"

*

पुन्हा अर्ज केला. मंदा घरोघर फिरली. "या बारीले खरं सांगा, हात जोडते."

तोच माणूस आला. बाबूराव दुकानातून खाली उतरले. "सर ना? देवमानूस! वडनेर भोलजीले साठ एकर बागायत हाय!"

काकू कशाला मागं राहतात? "दोन गाड्या हायेत त्यायच्या. पुण्याले ठेवल्या."

"मग तिसरी कशाला पाहिजे?"

मंदा बाहेर आली. "साहेब, शेती नाही, गाडी नाही. एक नवरा आहे, तो कोनालेही जामीन राह्यतो! कर्ज माझ्या नावानं द्या. शिवणकाम करते. बचत गटाचा हप्ता कधी चुकवला नाही, विचारा कोनालेही."

त्यानं चहा संपवला. "होईल. पण जामीनदार लागेल."

"हे सोडून कोनीही चालन!"

बाबूरावांनी पिठाचे हात झटकले. "सही कुठं करू?"

*

गाडी आली. राजूर घाटातून ती मंदानंच खाली उतरवली, मी शेजारी जीव मुठीत धरून बसलो. माहेरच्या दारात तिनं इतका हॉर्न वाजवला, की सासूबाई काठी घेऊनच बाहेर आल्या. "कोन मेला वाजवून राह्यला बे?"

मंदा काच खाली करून म्हणाली, "बस ना आई. देवळापर्यंत सोडते."

*

मंदा गेल्यावरही तिच्या नावाचा हप्ता मी चुकू दिला नाही. मागच्या महिन्यात शेवटचा गेला.

परवा कंपनीचा एक नवा माणूस मोटारसायकलवर आला. मी बाबूरावांच्या दुकानात साखर घेत उभा होतो.

"मंदा मॅडम कुठं राहतात हो? स्कोअर एकदम भारी झालाय त्यांचा. आता मोठी गाडीसुद्धा लगेच मंजूर होईल."

मी तोंड उघडायच्या आत समोर शांताकाकूंनी ओलं लुगडं झटकलं आणि आमच्या फाटकावर टाकलं.

बाबूराव तराजूकडे बघत म्हणाले, "माहेरी गेल्या त्या."

"पण त्यांची गाडी तर ही इथंच उभी आहे!"

"हाव," बाबूराव म्हणाले, "या बारीले यष्टीनं गेल्या."