उत्तर न आलेले मेल

घरात तिला भागूबाई म्हणत. शाळेच्या दाखल्यावर चांगलं लांबलचक नाव होतं, पण पाल दिसली की पलंगावर चढणारी आणि पाहुणे आले की न्हाणीघरात कडी लावून बसणारी मुलगी त्या नावाला काही जागत नव्हती. आधी ‘भित्री भागूबाई’ होती, पुढे त्यातलं ‘भित्री’ गळून पडलं. ते सांगायची गरजच उरली नव्हती.

तिचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. लिफ्टच्या काळोख्या खड्ड्यात उतरायचं, नाहीतर सर्वात वरच्या मजल्यावर लिफ्टच्या डब्याच्या टपावर उभं राहून तारा तपासायच्या, हे त्यांचं रोजचं काम. आवाज असा खणखणीत की तळमजल्यावरून बोलले तरी वरच्या मजल्यावरचा मदतनीस दचकायचा. बँकेतला साहेब असो की इमारतीचा मालक, कोणावरही ते तोंड टाकत. "अशा वाघाच्या घरात ही शेळी कोणावर गेली कोण जाणे!" असं आई येताजाता म्हणायची. मुलीच्या वाटणीची हिंमतही नवऱ्यानेच गट्ट केली, असा तिचा संशय होता.

बुरशीचं मात्र या मुलीला भय नव्हतं. पावाचा तुकडा ओला करून ती काचेच्या पेल्याखाली खिडकीत ठेवायची आणि रोज भिंगातून बघत बसायची. आईने शिसारी येऊन दोनदा फेकून दिला. भागूबाईने काही न बोलता तिसऱ्यांदा ठेवला. उभ्या आयुष्यात तिने केलेलं बंड ते एवढंच.

बारावीनंतर तिने मावशीच्या कापडदुकानात गल्ल्यावर बसावं, असं आईचं मत होतं. विज्ञान शिकू दे, असं एकटे बाबा म्हणाले आणि त्यांचाच आवाज मोठा असल्यामुळे तसं झालं. आता दुसरं वर्ष सरत आलं होतं आणि आईचा धीरही. सुट्टीत एखाद्या प्रयोगशाळेत इंटर्नशिप मिळाली तर उत्तम, नाहीतर सुट्टी लागल्याच्या दुसऱ्या दिवसापासून दुकान, असं तिने जाहीर केलं. मावशीकडे दोन वर्षांपूर्वी अशीच सुट्टीपुरती बसलेली एक पुतणी होती. ती अजून तिथेच साड्यांच्या घड्या घालत होती.

पुढच्या वर्गातल्या मुलींनी युक्ती सांगितली होती. शास्त्रज्ञांचं काम वाचायचं, त्याबद्दल दोन शहाण्या ओळी लिहायच्या आणि मेल करायचा. भागूबाईने वाचलं. अर्धं कळलं, अर्धं पुन्हा वाचलं. मग तिने मेल लिहिले, आठ-दहा जणांना, प्रत्येकाला वेगळा. सगळ्यात जीव ओतून लिहिला तो मातीतल्या बुरशीवर काम करणाऱ्या मॅडमना, कारण त्यांची संस्था याच गावात होती आणि त्यांचं काम वाचताना तिला जेवणाचंही भान राहिलं नव्हतं.

लिहिले आणि ठेवून दिले. ‘पाठवा’वर बोट गेलं की ती ते मागे घ्यायची. सुरुवातीला ‘आदरणीय’ हवं की नुसतं ‘मॅडम’? ‘मला आवड आहे’ हे पोरकट वाटेल का? मॅडम आपल्या विद्यार्थ्यांना गोळा करून तो मोठ्याने वाचून दाखवतायत आणि सगळे पोट धरून हसतायत, हे तिला इतकं स्वच्छ दिसायचं की कान गरम व्हायचे. शिवाय न पाठवलेल्या मेलला नकार येत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची!

पण एका रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "पाठवलेस का मेल?"

"पाठवले," ती ताटात बघून म्हणाली.

भित्र्या माणसाचं खोटं हे असंच, खरं बोलायच्या भीतीने सांगितलेलं. एकदा सांगितलं की रोज सांभाळावं लागतं.

"आलं का उत्तर?"

"नाही."

हे काही आठवडे चाललं. त्या बुरशीवाल्या मॅडमना परत पाठव, असं बाबांनी दोनदा सांगितलं आणि पाठवला, असं तिने दोनदा सांगितलं. आई गालात हसायची आणि मावशीला फोन करायची. बाबांचा पारा मात्र दिवसेंदिवस चढत होता. एके दिवशी त्यांनी हातातला घास ताटात टाकला. "पोरगी एवढं मनापासून लिहिते आणि या लोकांना एका ओळीचं उत्तर द्यायला होत नाही? कोण ती तुझी बुरशीवाली? याच गावात आहे ना? उद्या अर्धा दिवस रजा काढतो. बघूच कशी उत्तर देत नाही ते!"

भागूबाईच्या तोंडचं पाणी पळालं. आताच सांगावं, असं तिच्या मनात आलं. पण आईसमोर कसं सांगणार? सकाळी चहाच्या वेळी सांगू, असं ठरलं. सकाळी बाबा धुतलेला सदरा घालून बसले होते, लग्नकार्याला निघाल्यासारखे, आणि तिची जीभ टाळ्याला चिकटली. मग बसमध्ये सांगू. बसमध्ये माणसं होती. फाटकावर पहारेकऱ्याने "कोणाला भेटायचंय?" विचारलं तेव्हा तर तिची बोबडीच वळली. बाबांनी तिच्या वतीने नाव सांगितलं. पहारेकऱ्याने आत फोन लावला. ‘मॅडम नाहीत’ एवढं ऐकायला ती देव पाण्यात घालून बसली होती.

"जा, तिसरा मजला," पहारेकरी म्हणाला.

लिफ्टमध्ये बाबा एक शब्द बोलले नाहीत. एरवी कुठल्याही लिफ्टमध्ये शिरले की त्या लिफ्टचं काय बिघडलंय ते सांगत सुटायचे. बाहेर पडताना त्यांनी आडव्या दांडीवरचा हात काढला, तर तिथे तळव्याचा ओला ठसा उमटला होता. उकाडाच आहे, असं भागूबाईला वाटलं. तिला स्वतःच्या भीतीपलीकडे काही दिसत नव्हतं.

मॅडमची खोली लहान होती. टेबलावर कागदांचे गठ्ठे, खिडकीत झाकण लावलेल्या काचेच्या बश्या आणि त्यांत करडी, पिवळी बुरशी. दुसरा कुठला दिवस असता तर भागूबाई त्या बश्यांपासून हलली नसती. बाबा उभ्याउभ्याच सुरू झाले. "मॅडम, माझ्या मुलीने तुम्हाला तीन-तीन मेल केले. तुम्ही मोठी माणसं, मान्य आहे. पण लेकराच्या कष्टाची काही किंमत? नाही म्हणा, पण उत्तर तर द्या!"

मॅडम चिडल्या नाहीत, आणि तेच वाईट झालं. "तीन? चुकून राहिले असतील हो," म्हणत त्यांनी संगणक पुढे ओढला. "काय नाव?"

बाबांनी तिचं लांबलचक नाव सांगितलं. मॅडम शोधत राहिल्या. वरचा पंखा तेवढा करकरत होता. "दिसत नाहीये," त्या म्हणाल्या. "पुन्हा बघते." त्या पुन्हा बघू लागल्या. एक मोठी बाई आपल्यापायी नसलेली गोष्ट शोधते आहे, हे भागूबाईला बघवेना. बाबा म्हणाले, "नीट बघा मॅडम, माझी मुलगी खोटं बोलणार नाही."

"पाठवलेच नाहीत," भागूबाई म्हणाली.

बाबांकडे बघायची तिची छाती नव्हती. त्यांच्या सदऱ्याची बाही तेवढी दिसत होती आणि ती हलत नव्हती.

"लिहिला होतास?" मॅडमनी विचारलं.

तिने मान हलवली.

"दाखव."

मॅडमनी तिचा फोन घेतला आणि तो मेल तिच्यासमोर वाचला, शेवटपर्यंत. ज्या गोष्टीच्या धास्तीने इतके दिवस झोप उडाली होती ती समोर घडत होती, आणि कोणी हसत नव्हतं.

"हे पावाच्या तुकड्याचं खरं आहे?"

"हो."

"आधी काय दिसलं?"

"पांढरं, कापसासारखं. मग मध्ये हिरवं. काळे ठिपके कडेने आले, पेल्याला वाफ धरायची त्या बाजूला."

मॅडमनी फोन परत दिला. "माझ्याकडे एकच जागा होती. गेल्या आठवड्यात दिली, तीही दुसऱ्या वर्षाचीच मुलगी आहे. तिच्या मेलमध्ये तुझ्यापेक्षा जास्त चुका होत्या." त्यांनी संगणक मागे सारला. "पण तो आला होता."

बाबांनी हात जोडले, "तुम्हाला उगाच बोललो, मॅडम," असं इतक्या हळू म्हणाले की तिला तो आवाज ओळखू आला नाही, आणि ते बाहेर पडले.

परतीच्या बसमध्ये दोघं शेजारी बसली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडण्याची तिला सवय होती, या गप्प बसण्याची नव्हती. मी बापाला चार माणसांत खोटं पाडलं, आता हे मला कधी ‘माझी मुलगी’ म्हणणार नाहीत, असं तिला वाटत राहिलं. बस तीन थांबे पुढे गेली, मावशीच्या दुकानाची पाटीही मागे पडली.

"बाबा, चुकले मी. भीती वाटत होती."

"माहीत आहे." ते खिडकीबाहेर बघत होते. "तिथे आत गेल्यावर माझे पाय लटपटत होते. अशा खोल्यांत गेलं की होतंच माझं. बँकेत होतं, तुझ्या शाळेत व्हायचं. म्हणून मी आधीच ओरडून घेतो, समोरच्याला कळायच्या आत."

भागूबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. या माणसाला तिने कमरेला दोर बांधून अंधारात उतरताना पाहिलं होतं.

"आणि लिफ्टच्या खड्ड्यात?"

"तिथे काय घाबरायचं? तिथे काय करायचं ते ठाऊक असतं." ते तिच्याकडे वळले. "तू कोणावर गेलीस म्हणून तुझी आई विचारते ना? तिला सांगू नकोस."

ती हसली की रडली ते तिचं तिलाच कळलं नाही. तिने नाक पुसलं, फोन काढला आणि राहिलेल्या मेलमधला पहिला उघडला. बोट ‘पाठवा’वर नेलं.

"पाठवू?"

"थांब." बाबांनी पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि एक मोठा श्वास घेतला. "हं. पाठव."