कळलावीची गोळी

आमच्या ताईला घरात सगळे कळलावी म्हणायचे. नाव मीच ठेवलेलं. ती औषधाच्या कारखान्यात तपासनीस होती, कळलावी नावाच्या झाडाच्या बियांतून निघणारं कोल्चिसिन हे औषध तोलायची. शिवाय तोंडाने फटकळ. कुणाचं काही चुकलं की तिथल्या तिथे सुनावणार, मग घरात भांडण ठरलेलं. नाव दोन्हीकडून बसलं म्हणून मी स्वतःवरच खूश होतो.

जेवतानाही तिचं त्या पिवळसर पुडीचंच पुराण. उजेडात बिघडते म्हणून गडद बाटलीत ठेवतात. सूज आणणाऱ्या पेशींना अडवते, पण जरा जास्त झाली की आतड्याच्या पेशींनाही सोडत नाही. "अगं बाई, घास तरी गिळू दे!" मी ओरडायचो.

मग बाबांनाच गाऊट झाला. पायाचा अंगठा लालभडक, चादर टेकली तरी किंचाळायचे. डॉक्टरांनी त्याच औषधाच्या गोळ्या दिल्या. मूत्रपिंडं आधीच थकलेली, म्हणून दिवसाला एकच, असं बजावलं. ताईने पाकीट स्वतःच्या कपाटात ठेवलं. बाबा गयावया करायचे, ही ढिम्म.

"तुला काळीज आहे का गं?" मी विचारलं.

"आहे. म्हणूनच एक," म्हणाली आणि कामावर गेली.

दुपारी बाबा लहान मुलासारखे रडले. मला बघवेना. कपाट उघडलं. एवढीशी तर गोळी, तिने काय होतंय? तासातासाने देत गेलो, संध्याकाळपर्यंत पाच. दुखणं उतरलं. "तूच खरा माझा," बाबा म्हणाले. मी फुशारलो.

दुसऱ्या दिवशी उलट्या, जुलाब. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय घेतलंत, आजोबा?"

बाबा कण्हत म्हणाले, "कळलावीची गोळी."

त्यांना झाड म्हणायचं होतं. आईला मुलगी ऐकू आली. "तू? तू दिलीस जास्तीची?" ती ताईवर धावून गेली. ताईने माझ्याकडे पाहिलं. मी फक्त 'मी' म्हणायचं होतं. शेण खाल्लं, गप्प बसलो.

बाबा त्यानंतर शुद्धीवर आलेच नाहीत, चौथ्या दिवशी गेले. आई पुढची अकरा वर्षं ताईशी बोलली नाही, जातानाही तिला जवळ येऊ दिलं नाही. ताईने मात्र त्यानंतर कुणाची चूक काढली नाही. कढीत मीठ नसलं तरी निमूट जेवायची. आणि मी आपला आज सांगू, उद्या सांगू करत म्हातारा झालो.

गेल्या महिन्यात माझाच अंगठा सुजला. ताई काठी टेकत आली. डॉक्टरांनी दिलेलं पाकीट घेतलं, कात्रीने पट्टीतली एक गोळी कापून माझ्या हातावर ठेवली, बाकीच्या स्वतःच्या पिशवीत टाकल्या.

"अगं, राहू दे इथेच. मला कळतं."

"नको. रोज सकाळी मी आणून देईन," ती म्हणाली. "त्या दिवशी पाच कमी होत्या रे."

मला रडूच फुटलं.

"फार दुखतंय का?" तिने विचारलं.

मी मान डोलावली आणि अंगठ्याकडे बोट दाखवलं.