पहिली कवळी

जगतपुऱ्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी ती मुलगी बोलायची माझ्याशी, पण बघायची माझ्या दातांकडे. दातांची डॉक्टर ती झालीच होती. आता एमडीएसची परीक्षा देऊन तिला लोकांचं हसू सुंदर करणारी डॉक्टर व्हायचं होतं. जिन्यात मला गाठून म्हणायची, "काका, हसा बघू! मतलब, खरं हसा." मी हसलो की दातांच्या रंगांचे नमुने लावलेली पट्टी माझ्या ओठांशी धरायची आणि गंभीरपणे सांगायची, "तुमचा रंग यात नाहीच आहे." तंबाखू सोडली असं मी घरी ठोकून दिलेलं असल्यामुळे पटकन तोंड मिटून घ्यायचो.

त्या हिवाळ्यात तिची आई गेली. तिरडी बांधून झाली, तेव्हा ती आतून आईची कवळी घेऊन आली. शिकत असताना तिनं स्वतः बनवलेली ती पहिली कवळी.

"आता कशाला गं पोरी?" माझी बायको हळूच म्हणाली.

"काकू, आई हिच्याशिवाय दूधवाल्या भैयासमोरसुद्धा जायची नाही."

तिनं कवळी ओली केली, अलगद बसवली, ओठ सारखे केले. खोल गेलेले गाल भरले आणि आई पुन्हा आईसारखी दिसू लागली. मग दवाखान्यातल्या सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "चावून बघ, आई. कुठे टोचतंय का?"

आणि उत्तराची वाट बघत ती तशीच वाकून राहिली.