गाठीवरचं पान

पंचेचाळीस वर्षं लाकूड कोरून मिस्त्रींचा उजवा खांदा कामातून गेला होता, आणि खरं सांगायचं तर मनही विटलं होतं. सोमवारपासून पटाशी हातात धरायची नाही, असं त्यांनी लेकीला सांगून टाकलं होतं. कला आता तिच्या हातात आणि बाकीची कागदावर.

कागद चाळीस खुर्च्यांचं काम आणणाऱ्या डिझाइनवाल्या बाईंचे. कला टिकवायची तर नक्षीचं माप ठरलं पाहिजे, म्हणून त्यांनी मिस्त्रींच्या जुन्या खुर्चीचा एकूण एक वळसा टिपून घेतला. बाई वाईट नव्हत्या हो, कामाला वाघ! महिन्यापूर्वी त्यांनी अकरा कागद पुढे ठेवले आणि मिस्त्रींनी न बघताच सह्या ठोकल्या. दमलेल्या माणसाला कसलं आलंय वाचन?

आज लेकीनं नव्या खुर्चीची पहिली पाठ पुरी केली. मिस्त्रींनी सवयीनं बोट फिरवलं आणि ते अडलं. लाकडातली गाठ उघडी पडली होती, कडेनं टवका उडालेला. तिच्यापासून वीतभर लांब एक पान ऐटीत बसलेलं.

"अगं, गाठ इथे आणि पान तिथे?"

"कागदात तिथेच आहे, बाबा. खाली तुमची सही आहे."

मिस्त्री स्टुलावर बसले. जुन्या खुर्चीत तिथे गाठ होती, म्हणून तिथे पान! गाठ कोरायला गेलं की टवका उडतो, म्हणून भोवतीचं लाकूड उतरवून तिला उंच ठेवायचं आणि तिचंच पान करायचं, हे त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवलेलं. लेकीला सांगायचं राहूनच गेलं. माती आपणच खाल्ली, बाईंना काय बोल लावायचा?

बाई आल्या, ऐकून घेतलं आणि गोंधळल्या. "पान असं हलायला लागलं, तर चाळीस खुर्च्या एकसारख्या कशा दिसतील?"

"नाही दिसणार."

"मग कागदावर काय काढू?"

मिस्त्रींनी कागदावरचं पान खोडलं. शेजारी लिहिलं, 'आधी गाठ शोधा. पान तिच्यावर. गाठ नसेल तर पान नाही.' दोनदा वाचलं आणि मग सही केली.

लेक नवी फळी घेऊन आली. "पण गाठ आत किती खोल गेलीय, ते कसं ओळखायचं?"

मिस्त्रींनी खांदा चोळला. फार थकले होते बिचारे. त्यांनी तिचा अंगठा धरून गाठीवर ठेवला.

"ते कागदात नाही मावायचं. वर्ष जातं कळायला."

"मग कसं हो, बाबा?"

"मग काय! सोमवारी माझंही स्टूल मांड."