सासूबाईंची वेल आणि माझा कटर

माणसानं आयुष्यात एकदा तरी सासूबाईंना गाडीत पुढच्या सीटवर बसवून, त्यांच्या मांडीवर पंधरा फूट लांबीची वेल ठेवून, तळेगावहून चाकणमार्गे मोशीला यावं. एकदाच यावं. त्याहून जास्त मानेला झेपत नाही.

वेल होती होयाची. नर्सरीवाले होया म्हणतात, सासूबाई मेणफूल म्हणतात. पानं जाड, गुळगुळीत, मेणात ओतून काढल्यासारखी. बायको शाळेत होती तेव्हा सासूबाईंनी शेजारणीकडून वीतभर फांदी आणून तळेगावच्या घरात, हॉलच्या खिडकीत कुंडीत लावली. त्या फांदीनं पंचवीसेक वर्षांत खिडकीच्या गजांशी असा काही संसार थाटला की तो मोडून तिला सोडवायला आम्हाला अख्खी सकाळ लागली. मग तिची वेटोळी करून जुन्या साडीत बांधली आणि निघालो. चाकणच्या चौकात चहूबाजूंनी कंटेनर उभे, आणि साडीतून निसटलेला एक शेंडा माझ्या कॉलरमध्ये शिरलेला.

"आई, जरा हिला आवरा."

"ती नाही हो आवरत. तुम्हीच मान आवरा."

तशी मान आवरून मी मोशीपर्यंत आलो. सिग्नलला बाजूचा रिक्षावाला माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होता, ती नजर मी अजून विसरलेलो नाही.

सासूबाईंना आणण्याचं कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. सासरे गेल्यावर त्या तिथं एकट्याच होत्या. एकदा बाथरूममध्ये घसरल्या, आणि दूधवाल्यानं दारातून हाका मारेपर्यंत तशाच पडून राहिल्या. हाड मोडलं नाही, पण बायकोची झोप मोडली. महिनाभर मनधरणी केल्यावर त्या तयार झाल्या, एका अटीवर: वेल बरोबर येणार. अट लगेच मान्य झाली. वेलीला काय, पाणी घातलं की झालं, असं मला वाटलं. मी वनस्पतिशास्त्रात तिथवरच शिकलो आहे.

आता माझ्याबद्दल थोडं, म्हणजे पुढचा गुन्हा नीट समजेल. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. मशीनवरून धातूचा पार्ट कापून निघाला की त्याच्या कडेला बारीक काटे राहतात, नको असलेली टोकं राहतात. त्याला आम्ही बर म्हणतो. बर राहिली की पार्ट रिजेक्ट. सगळं आयुष्य मी हे एकच वाक्य शिफ्टमागून शिफ्ट ओरडत आलोय. त्याचा परिणाम माणसावर होतोच. लग्नाच्या पंगतीत भज्याला फुटलेली टोकं मी आधी मोडतो, मग भजं खातो. बायकोनं ते एकदा पाहिलं आणि ती पुढच्या पंगतीत जाऊन बसली.

अशा माणसाच्या घरात वेल आली.

आमचं घर सातव्या मजल्यावर. हॉलला पूर्वेची खिडकी. वेल खिडकीच्या जाळीवरून चढवली आणि पडद्याच्या दांडीवर नेऊन सोडली. पहिल्याच महिन्यात एका रविवारी सासूबाई सोसायटीच्या भजनाहून आल्या, चप्पल काढता काढता खिडकीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "इथं छान वाटतंय हो." बस, एवढंच म्हणाल्या. पण माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण ताणलं गेलं. त्या दिवशीच ठरवलं, वेलीची देखभाल आपल्याकडे.

त्यानंतर दर रविवारी त्या भजनाला गेल्या की माझी ड्यूटी सुरू. आधी कुंडी पाव फेरा फिरवायची, म्हणजे सगळ्या बाजूंना ऊन सारखं. मग पानं पुसायची. एकदा पाण्यानं पुसून समाधान होईना म्हणून गाडीच्या डॅशबोर्डचं पॉलिश वापरलं. पानं अशी चमकली की त्यात पंखा फिरताना दिसायला लागला. सासूबाई खूश! "मोशीची हवा मानवली हो तिला." मी नम्रपणे मान खाली घातली. पॉलिशचा डबा पाठीमागे होता.

आणि मग मला वर, दांडीजवळ, ती टोकं दिसली.

पानाच्या बगलेतून निघालेली, पेराएवढी, वाळकी, खडबडीत, बिनपानांची. एखाद-दुसरं नाही, दोन-अडीच डझन! म्हणजे तळेगावात पंचवीस वर्षं कुणी बर काढलीच नव्हती. मी स्टुलावर चढलो, टूलबॉक्समधला कटर घेतला आणि एकेक टोक बुडापासून उडवत गेलो. टक्. टक्. टक्. कापलेल्या जागी पांढरा चीक यायचा, तो फडक्यानं टिपायचा. किती दिवसांनी मला इतका आनंद झाला होता म्हणून सांगू! खाली उतरून वेलीवरून हात फिरवला. कुठेही हाताला लागत नव्हतं. शंभर टक्के ओके पार्ट. पुढे नवीन एखादं टोक डोकावलं तर ते त्या त्या रविवारी जायचं.

त्या उन्हाळ्यात वेल फुलली नाही.

"जागा बदलली ना, रुसली असेल," सासूबाई म्हणाल्या. दुसऱ्या उन्हाळ्यातही नाही. तळेगावला म्हणे चैत्रापासून गुलाबी फुलांचे झुबके लटकायचे, संध्याकाळी वासानं घर भरायचं, शेजारपाजारच्या बायका बघायला यायच्या. इथं नुसती पानं. चकचकीत, पण नुसती पानं. सासूबाई खुर्ची ओढून खिडकीपाशी बसायच्या आणि वेलीकडे अशा बघायच्या, जसं पाहुण्यांच्या घरी जेवायला नाही म्हणणाऱ्या नातवाकडे बघावं. गुडघ्यांमुळे त्यांना स्टुलावर चढता येत नव्हतं, त्यामुळे वर दांडीजवळ मी काय पराक्रम केलाय ते त्यांना दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

तिसऱ्या वर्षी जेवताना त्यांनी शांतपणे जाहीर केलं, "हिला हे घर मानवलं नाही. पावसाळा संपेपर्यंत वाट बघते. फुलली तर ठीक, नाहीतर आम्ही दोघी तळेगावला परत जातो."

बायकोचा घास हातातच राहिला. तिथलं ते बाथरूम, तो दूधवाला, सगळं तिच्या चेहऱ्यावरून सरकत गेलेलं मला दिसलं. रात्री ती म्हणाली, "अहो, काहीतरी करा. तुम्हीच बघता ना वेलीचं?"

मीच बघत होतो ना!

दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर गाडी कुरुळीच्या नर्सरीत घातली. नर्सरीवाला तिथलाच, जुन्या घराण्यातला. शेतावर गोडाऊन झालीत, उरलेल्या तुकड्यावर तो झाडं विकतो. रबरी नळीनं कुंड्यांना पाणी घालत होता. मी केस मांडली.

"जुनी हाय का नवी?" त्यानं विचारलं.

"पंचवीसच्या वर वर्षं झाली."

"मग फुलंल की! फुलाचं जुनं देठ हायेत न्हवं जागच्या जागी? वाळल्यावानी दिसत्यात, बारकी बारकी टोकं?"

मी छाती पुढे काढली. "एक ठेवलेलं नाही. सगळी साफ केली. कटरनं, बुडापासून."

त्यानं नळी खाली ठेवली. पाणी त्याच्याच चपलेवर वाहत होतं, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

"सायेब, कंपनीत काय करता तुमी?"

"क्वालिटी बघतो."

"व्हय," तो म्हणाला. "दिसतंय."

मग त्यानं मला, लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. या वेलीचं फूल गळतं, पण देठ गळत नाही. दरसाल त्याच देठाला परत कळ्या धरतात. म्हणजे मी जी बर समजून उडवली ती पंचवीस वर्षांची फुलं होती. आणि त्यातूनही एखादी कळी धरली असतीच, तर दर रविवारी कुंडी फिरवून तीही गळाली असती, कारण कळ्या धरल्यावर या वेलीला जागचं हललेलं खपत नाही. पॉलिशचं मी बोललोच नाही. माणसानं एका दिवसात किती कबूल करावं?

"नवा देठ कधी येईल?"

"साल लागंल, दोन सालं लागतील. तिची मर्जी."

"काही उपाय?"

"हाय की. हात बांधून ठिवायचे. तुमचे."

मी आवाज खाली आणला. "एखादी फुललेली द्या ना. गुपचूप आमच्या वेलीत गुंतवतो."

तो जवळ आला. "सासूला फशिवताय?"

"...हो."

"माझ्याकडं लाल हाय. तुमची कंची?"

"गुलाबी."

"मग जमत न्हाई, राव," तो म्हणाला. त्याला माझ्याहून जास्त वाईट वाटलेलं दिसलं.

घरी येऊन बायकोला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं. तिनं पाठ फिरवली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय, म्हणून पाठीवर हात ठेवला, तर ती ओट्याला धरून हसत होती. "बर काढलीत? आईच्या वेलीची?" हसून हसून खाली बसली, आणि खाली बसल्यावर मात्र खरंच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता ती जाणार हो."

"तू सांगतेस का त्यांना?"

"मी का? कटर माझ्या हातात होता?"

आता आमच्या कंपनीत एक पद्धत आहे. रिजेक्शन आलं की व्हाय-व्हाय शीट भरायची. म्हणजे चूक लिहायची, मग 'का?' विचारायचं, उत्तर आलं की त्यालाही 'का?', असं पाच वेळा. पाचव्या 'का'ला खरं कारण सापडतं म्हणतात. मला तोंडी कबुली जमणार नव्हती, म्हणून मी रविवारी चहाच्या वेळी छापील शीट घेऊनच सासूबाईंच्या पुढ्यात बसलो. त्या निवृत्त शिक्षिका. तिसरी-चौथीच्या पोरांची खोटी कारणं ऐकण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. याचा विचार मी आधी करायला हवा होता.

"समस्या: वेल फुलत नाही," मी वाचलं. "का? कारण फुलांचे देठ नाहीत. का? कारण ते कापले गेले."

"कापले गेले?" सासूबाईंनी कप खाली ठेवला. "आपोआप?"

"नाही म्हणजे... मेथडमध्ये चूक होती."

"कोणी कापले ते लिहा."

"शीटमध्ये माणसाचं नाव लिहायचं नसतं, आई. सिस्टीम बघायची असते."

"जावईबापू."

"मी कापले."

त्या खिडकीकडे वळल्या.  आतून बायकोनं भांडी वाजवणं थांबवलं. मग त्यांनी माझ्या हातातली शीट घेतली, चष्मा लावला आणि वर्गात विचारावं तसं विचारलं, "का कापलेत?"

"वाळके होते. घाण दिसत होते."

"कुणाला?"

"तुम्हाला. भजनाहून आलात की आधी खिडकीकडे बघता ना तुम्ही."

"मग? बघितलं तर काय होतं?"

"पहिल्या महिन्यात तुम्ही म्हणाला होतात, इथं छान वाटतंय. परत म्हणाला नाहीत. खिडकी नीटनेटकी दिसली की परत म्हणाल, असं वाटायचं."

"ते कशाला म्हणायला हवं होतं मी?"

 शीटवर पाचवी रेघ कोरी. आतून बायकोचा आवाज आला, "अहो, लिहा की शेवटचं!"

"तुम्ही जाऊ नये म्हणून," मी म्हणालो. तेही चहाच्या कपाला.

सासूबाईंनी चष्मा काढला. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा वेलीकडे.

"एवढं एक वाक्य बोलायला माझी वेल भादरलीत?" त्या म्हणाल्या. "तोंड नव्हतं का?"

आणि मग जे हसायला लागल्या! इतक्या, की ठसका लागला, बायको पाणी घेऊन धावली, तीही हसायला लागली, आणि दोघी एकमेकींना थापट्या मारत माझ्याकडे बोट दाखवू लागल्या. मीही हसलो, पण जरा कडेकडेनं. आरोपीनं फार हसू नये.

हसून झाल्यावर त्यांनी फर्मान काढलं. कटर त्यांच्या कपाटात जमा. कुंडी इंचभरही हलणार नाही. नवा देठ येईपर्यंत वेलीला प्रवास नको, आणि ती इथं असताना तिला माझ्या हवाली करून तळेगावला जाण्याएवढ्या त्या खुळ्या नाहीत. लगेच बायकोकडून फोन मागून घेतला आणि तळेगावच्या शेजारणीला सांगितलं, घराला कुणी चांगलं जोडपं भाडेकरू मिळतंय का बघ. बायको दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. फोन ठेवल्यावर तिनं जाऊन आईच्या कपातला गार झालेला चहा ओतून टाकला आणि नवीन करायला ठेवला. त्यात साखर दोनदा पडली. तिघांनी तो तसाच प्यायला.

यंदा वैशाखात वेलीला नवीन टोकं आली. तीन. ती मी लांबून मोजली, जवळ जायची परवानगी नव्हती. त्यातल्या एकावर कळ्या धरल्या, नेमक्या टीव्हीच्या वर. त्या गळू नयेत म्हणून पडदा ओढायचा नाही, पंखा एकवर ठेवायचा, आणि रविवारी मी हॉलमध्ये एकट्यानं बसायचं नाही, असे नियम झाले. कळ्या उमलल्या तेव्हा अकरा फुलांचा झुबका होता. गुलाबी चांदण्या, मध्ये लाल ठिपका, हात न लावता कळावं इतकं मऊ मेण. संध्याकाळी असा गोड वास सुटला की खालच्या मजल्यावरच्या वहिनी विचारायला आल्या, काय शिजतंय. फुलांतून पाकासारखे थेंब गळायचे, टीव्हीवर, रिमोटवर. दोन आठवडे आम्ही चिकट बोटांनी बातम्या बघितल्या.

मग फुलं गळाली. मागे ते वाळकं, खडबडीत टोक उरलं. सासूबाईंनी मला हाक मारून खिडकीपाशी उभं केलं.

"हे काय आहे?"

"देठ."

"त्याचं काय करायचं?"

"काही नाही."

"मोठ्यानं."

"काही नाही करायचं, आई."

"बसा खाली," त्या म्हणाल्या.